२०२६ची अमेरिका : भाकितं टाका, पण टक्क्यांसकट

आकडेमोड (शिकागो) | २७ डिसेंबर २०२५

मंडळी, वर्ष सरत आलं की 'येत्या वर्षात अमेरिकेत मोठ्या घडामोडी' छापाचं भविष्य गल्लोगल्ली मिळतं. ते कधी चुकत नाही, म्हणूनच त्याला काडीची किंमत नाही. नारळीकर सरांनी पुण्यात घेतलेली ज्योतिषांची चाचणी आठवते का? हुशार मुलांच्या आणि मतिमंद मुलांच्या पत्रिका मिसळून दिल्या आणि कुठली कोणाची ते ओळखा म्हणाले. २७ ज्योतिषांनी उत्तरं पाठवली, त्यातली ४६ टक्के बरोबर निघाली. नाणं उडवलं असतं तर याहून बरी आली असती. तरी त्या २७ जणांबद्दल मला आदर आहे. तपासता येईल असं काहीतरी त्यांनी लिहून तरी दिलं. बाकीच्यांनी काढता पाय घेतला.

तेव्हा इथे नियम एवढाच. ३१ डिसेंबर २०२६ला 'झालं' किंवा 'नाही झालं' एवढंच म्हणता आलं पाहिजे, आणि सोबत टक्के हवेत. ९० टक्के लावून आपटलात तर ६०वाल्यापेक्षा जास्त गुण कापले जातील. 'बघाच तुम्ही' हे भाकीत नाही.

सुरुवात मीच करतो. डेमोक्रॅट्स हाऊस, म्हणजे काँग्रेसचं कनिष्ठ सभागृह, घेतील हे शेंबडं पोरही सांगेल. २०२४चा निकाल रिपब्लिकन २२०, डेमोक्रॅट २१५ असा होता, म्हणजे त्यांना निव्वळ तीन जागा वाढवायच्यात. शिवाय राष्ट्राध्यक्षाच्या पक्षाने मिडटर्मला (त्याच्या कारकिर्दीच्या मध्यावरच्या निवडणुकीला) हाऊसच्या जागा वाढवल्या असं गेल्या शंभर वर्षांत १९३४, १९९८ आणि २००२ या तीनच वेळा घडलंय. म्हणून माझं भाकीत तारखेवर आहे. मतदान ३ नोव्हेंबरला, लक्ष्मीपूजन ८ला. लक्ष्मीपूजन होऊन जाईल तरी हाऊस कोणाचं हे एपी वृत्तसंस्थेने जाहीर केलेलं नसेल : ५५ टक्के. २०२२ला आठ दिवस लागले होते, २०२४लाही आठच. कॅलिफोर्नियात मतदानाच्या दिवसाचा शिक्का असलेलं टपाली मताचं पाकीट पुढचे सात दिवस चालतं. २०२४ला तिथली शेवटची जागा डिसेंबरात लागली, फरक १८७ मतांचा!

दुसरं घरचं. १७ मार्चला आमच्याकडे इलिनॉयमध्ये सिनेटची प्रायमरी, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणारी निवडणूक, आहे. राजा कृष्णमूर्ती डेमोक्रॅट्सची उमेदवारी घेतील : ६५ टक्के. पैसा रग्गड आहे आणि टीव्ही लावला की तेच दिसतात.

---

ह्यूस्टनकर | २७ डिसेंबर

आकडेमोड, तुम्ही २०१८ विसरलात. तेव्हा हाऊसचा निकाल त्याच रात्री लागला होता, कारण डेमोक्रॅट्सना चाळीसेक जागा मिळाल्या. लाट असेल तर कॅलिफोर्नियाची पाकिटं कोण मोजत बसतंय? तुमचे ५५ टक्के म्हणजे लाट येणार नाही असं आडून सांगणं आहे.

मी रिपब्लिकनांना मत देतो हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे, तेव्हा हे माझ्या तोंडून ऐका. ऑगस्टात आमच्या लोकांनी टेक्ससचा नकाशा पुन्हा आखून पाच जागा खिशात घातल्या, डिसेंबरात सुप्रीम कोर्टानेही तो चालू दिला. पण तो आखलाय २०२४मध्ये लॅटिनो मतदार ट्रम्पकडे वळला या भरवशावर. नोव्हेंबरात न्यू जर्सीत तोच मतदार परत फिरलेला दिसला. त्या पाच जागांपैकी आम्हाला तीन किंवा कमीच मिळतील : ६० टक्के.

दक्षिण टेक्ससची गंमत सांगतो. हेन्री क्वेयार हे डेमोक्रॅट खासदार, लाचखोरीचा खटला अंगावर होता. ट्रम्पनी या महिन्यात त्यांना माफी दिली. सगळ्यांना वाटलं आता गडी पक्ष बदलणार. त्याने त्याच दिवशी डेमोक्रॅट म्हणूनच अर्ज भरला! ट्रम्प साहेबांचा असा तिळपापड झाला की विचारू नका. क्वेयार जिंकतील : ६५.

सिनेटची आमच्याकडची प्रायमरी ३ मार्चला आणि रनऑफ (पहिल्या दोघांतली फेरलढत) २६ मेला. सध्याचे सिनेटर कॉर्निन यांना हरवून पॅक्स्टन आमच्या पक्षाचे उमेदवार होतील : ६०. समोर डेमोक्रॅट्सकडून क्रॉकेट नाही, तालारिको असतील : ५५. आणि सिनेट आमच्याचकडे राहील : ७५. ५३-४७ आहे. डेमोक्रॅट्सना चार जागा वाढवायला नॉर्थ कॅरोलायना आणि मेन जिंकूनही ओहायो, आयोवा, टेक्सस असल्यापैकी दोन लागतात. जमिनीवर एवढं पाणी नाही.

शेवटचं, थोडं खाजगी. माझा छोटा धंदा, त्यामुळे आरोग्यविमा ओबामाकेअरच्या बाजारातूनच घेतो. वाढीव सबसिडी ३१ तारखेला संपतेय. केएफएफ या आरोग्य-संशोधन संस्थेचा अंदाज होता की सबसिडीवाल्यांचा हप्ता सरासरी दुपटीहून वर जाईल. माझा नवा आकडा बघून बायको म्हणाली, "यंदा कोणाला मत द्यायचं ते मी ठरवणार." सबसिडी आहे तशी परत सुरू होणार नाही : ७०.

---

शंकासुर | २७ डिसेंबर

वहिनींचे टक्के पण टाका की.

---

लाउडनचा लंबोदर (ॲशबर्न, व्हर्जिनिया) | २८ डिसेंबर

सगळे ट्रम्पभोवती फिरतायत. मी म्हणतो २०२६चा विषय वीजबिल आहे.

आमच्या लाउडन काउंटीला 'डेटा सेंटर ॲली' म्हणतात. जगातली सगळ्यात दाट वस्ती, माणसांची नव्हे, सर्व्हरची. क्रिकेटच्या मैदानामागे, किराणा दुकानाच्या पलीकडे, शाळेच्या वाटेवर, जिकडे बघाल तिकडे खिडक्या नसलेल्या करड्या इमारती आणि बाहेर ओळीने डिझेल जनरेटर. रात्री मागचं दार उघडलं की एक सलग घूं ऐकू येतं. पावसाळी हवेत जरा जास्तच. नवीन आलेले विचारतात कसला आवाज, जुन्यांना तो ऐकूच येत नाही. एवढी वर्षं कोणी ब्र काढला नाही, कारण आत ठेवलेल्या यंत्रांवर काउंटीला गडगंज कर मिळतो. शाळा चकाचक, घरपट्टी आटोक्यात. आमचीच मुलं त्या शाळांत जातात आणि आमच्यातले निम्मे त्याच क्लाउडवर पोट भरतात.

आता बिल यायला लागलंय. आमचं ग्रिड पीजेएमकडे, १३ राज्यं आणि डीसी. पुढे वीज कमी पडू नये म्हणून ते वीजनिर्मिती कंपन्यांना आगाऊ लिलावाने पैसे मोजतात. २०२४-२५साठी तो दर मेगावॉटमागे दिवसाला सुमारे २९ डॉलर होता. पुढच्या वर्षासाठी २७० झाला, त्यापुढच्यासाठी ३२९. या महिन्यातल्या लिलावात ३३३, आणि तोही वर मर्यादा घातली होती म्हणून तिथे थांबला. हे शेवटी फिरून घरगुती बिलात येतं.

राजकारणात ते आलंच आहे. नोव्हेंबरात न्यू जर्सीत मिकी शेरिल वीजदर गोठवते म्हणत गव्हर्नर झाल्या, आमच्याकडे स्पॅनबर्गरही बिलांवर बोलत निवडून आल्या. खरा धक्का जॉर्जियात बसला. तिथल्या वीज नियामक आयोगाच्या निवडणुकीकडे एरवी कुत्रं फिरकत नाही, त्यात डेमोक्रॅट्सनी दोन्ही जागा मोठ्या फरकाने घेतल्या. आणि आता बघा, डावे सिनेटर बर्नी सँडर्स म्हणतात नवीन डेटा सेंटर थांबवा, फ्लोरिडातून रिपब्लिकन गव्हर्नर डिसँटिस म्हणतात लगाम घाला. हे दोघं एका बाजूला याआधी कधी होते ते मला तरी सांगता येणार नाही. उलट बाजूला ट्रम्प, ज्यांनी याच महिन्यात राज्यांच्या एआय कायद्यांविरुद्ध फर्मान काढलं.

२०२६ संपायच्या आत किमान एका राज्याच्या विधिमंडळाचं एक सभागृह नवीन डेटा सेंटरवर राज्यभर स्थगितीचं विधेयक मंजूर करेल : ४०. ते कायदा होऊन अमलात येईल : १५. पहिल्याला धाडस म्हणा, दुसऱ्याला वेडेपणा म्हणा.

---

खवचट काकू (एडिसन, न्यू जर्सी) | २८ डिसेंबर

लंबोदर, प्रतिसाद झकास. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर ऑगस्टात बिलांचे फोटो फिरत होते, त्यात सगळ्यात मोठं बिल ज्यांचं ते सगळ्यात पुढे, जसं काही मुलाचा निकालच लागलाय.

धाग्यावर सांस्कृतिक काही नाही म्हणून आले. विषयवार टाकते.

सुपर बोल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलची फायनल, ८ फेब्रुवारी, हाफटाइमला गायक बॅड बनी. पोर्तो रिकोचा पोरगा, गाणार स्पॅनिशमध्ये, म्हणून अर्धा देश आत्तापासून तापलाय. पोर्तो रिकोचे लोक १९१७पासून अमेरिकेचे नागरिक आहेत हे त्यातल्या किती जणांना माहीत असेल देव जाणे. केंड्रिक लमारचा यंदाच्या हाफटाइमचा १३ कोटी ३५ लाख प्रेक्षकांचा विक्रम मोडेल : ४५. सामना संपायच्या आत ट्रम्प त्याच्यावर पोस्ट टाकतील : ८५.

फुटबॉलचा वर्ल्ड कप. फायनल १९ जुलैला आमच्या मेटलाइफवर. मागच्या जुलैत याच मैदानावर चेल्सीने क्लब वर्ल्ड कप उचलला तेव्हा ट्रम्प ट्रॉफी देऊन बाजूला झालेच नाहीत, खेळाडूंच्या मधोमध उभे. कर्णधार बिचारा इकडेतिकडे बघतोय, हे जाणार की नाही! आता तर फिफाने त्यांना शांतता पुरस्कारही दिलाय, या महिन्यात, ड्रॉच्या कार्यक्रमात. फायनलला ट्रॉफी उचलतानाच्या फोटोत ट्रम्प असतील : ७०. इराण आणि हैती दोघंही पात्र ठरलेत आणि दोघांवरही प्रवेशबंदी आहे. संघाला सूट, प्रेक्षकांना नाही. इराणचा संघ अमेरिकेत किमान एक सामना खेळेल : ७५. उरलेले २५ टक्के काय होईल ते लिहीत नाही, शंकासुर लिहितीलच.

१४ जूनला साहेब ८० वर्षांचे होतायत आणि त्या दिवशी व्हाइट हाउसच्या हिरवळीवर पिंजरा लावून मारामाऱ्या ठेवल्यात. आपल्याकडे सहस्रचंद्रदर्शन करतात. कार्यक्रम ठरल्या दिवशी, ठरल्या जागी होईल : ७५.

नेटफ्लिक्सने वॉर्नरचा स्टुडिओ घ्यायचा सौदा केलाय आणि पॅरामाउंट जास्तीची बोली घेऊन दारात उभं आहे. नेटफ्लिक्सचा सौदा मोडेल : ५५. कारण पॅरामाउंटच्या मागे एलिसन बापलेक आहेत, आणि मंजुरी देणाऱ्या सरकारशी त्यांचं गूळपीठ आहे. स्टीफन कोल्बेअरचा रात्रीचा कार्यक्रम मेमध्ये बंद होतोय तो चॅनेलही त्याच पॅरामाउंटचा.

आणि टेलर स्विफ्टचं लग्न जुलै संपायच्या आत : ५५. हसू नका. शेअर बाजारापेक्षा यावर जास्त लोकांचा अभ्यास आहे.

---

त्रिशंकू (सध्या पुणे) | २८ डिसेंबर

काकू, आयडी बदलून घेतला, नव्या परिस्थितीला शोभेल असा.

भावाच्या लग्नाला आलो. मुहूर्त गाठला, पंगती उठल्या, आणि व्हिसा स्टॅम्पिंगच्या आधी मेल आला की तारीख पुढे गेली, मार्चअखेर. १५ डिसेंबरपासून एच-वन (नोकरीचा व्हिसा) आणि एच-फोरवाल्यांचीही (त्यांच्या कुटुंबीयांचा) सोशल मीडिया खाती तपासणार, म्हणून दिवसाला कमी मुलाखती. गाडी तिकडे विमानतळाच्या पार्किंगमध्ये मीटर फिरवत उभी आहे. घराची किल्ली शेजाऱ्याकडे, तो कढीपत्त्याला पाणी घालतो आणि फोटो पाठवतो. ऑफिस म्हणतं बघू. आई खूश आहे, रोज नवीन काहीतरी करून घालते.

आता भाकितं. एच-वनवरचं एक लाख डॉलरचं शुल्क सप्टेंबरपासून लागू आहे, आणि वॉशिंग्टनच्या न्यायाधीशांनी नाताळच्या तोंडावर ते वैध ठरवलं. वर्षअखेर ते लागूच असेल : ७०. पण नीट वाचा, ते देशाबाहेरून येणाऱ्या नव्या अर्जांना आहे. तिथेच शिकून एफ-वन या विद्यार्थी व्हिसावरून बदलणाऱ्याला नाही. त्यात फेब्रुवारीअखेर लॉटरीचा नियम बदलतोय. वरच्या पगारश्रेणीच्या माणसाची चिठ्ठी चार वेळा टोपलीत, खालच्याची एकदा. म्हणजे पुण्यातून थेट जाणारा संपला, आणि तिकडे मास्टर्स करून पहिली नोकरी धरणाराही अर्धमेला. मार्चमधल्या नोंदण्या अडीच लाखांच्या खाली : ६०. गेल्या खेपेला सुमारे ३ लाख ४४ हजार होत्या.

सगळ्यात मोठं जन्मसिद्ध नागरिकत्वाचं. सुप्रीम कोर्टाने प्रकरण घेतलंय, निकाल जूनअखेर किंवा जुलैच्या सुरुवातीला. हे फक्त कागदपत्रं नसलेल्यांबद्दल आहे असं आपल्यातलेच बरेच जण समजतात. ट्रम्पच्या आदेशात तात्पुरत्या व्हिसावरच्या आयांची मुलंही आहेत, बाप नागरिक किंवा ग्रीनकार्डवाला नसेल तर. म्हणजे एच-वनवरचं अख्खं मराठी मंडळ. कोर्ट आदेश रद्द करेल : ८५. १८६८ची घटनादुरुस्ती आणि १८९८चा वाँग किम आर्क निकाल, दोन्ही स्वच्छ आहेत.

---

हापूसवाला (रत्नागिरी-वाशी) | २९ डिसेंबर

टॅरिफवर कोणीच बोलत नाही? आमच्या मालावर ऑगस्टअखेर २५ अधिक २५ असे ५० टक्के लागले. मग नोव्हेंबरात तिकडे महागाईची बोंब झाली तशी कॉफी, चहा, मसाले, उष्णकटिबंधातली फळं यांना सूट मिळाली. आंबा सुटला. सीप्झमधले दागिनेवाले नाही सुटले. त्यांच्याकडे काय चाललंय ते अंधेरीत जाऊन बघा.

पण सूट मिळाली म्हणून आंबा स्वस्त होईल असं तिकडच्या मंडळींनी समजू नये. वाशीला विकिरण, तेही तिकडचा निरीक्षक समोर असताना, मग विमान. गेल्या मे महिन्यात कागदात चूक निघाली म्हणून काही खेपा तिकडच्या विमानतळांवर नष्ट कराव्या लागल्या. अमेरिकेतल्या पेटीचा भाव विमानभाडं ठरवतं, टॅरिफ नंतर. अक्षय्य तृतीयेपर्यंत भारतावरचा सरसकट टॅरिफ २५ टक्क्यांच्या खाली आलेला असेल : ४५.

---

आकडेमोड | २९ डिसेंबर

हापूसवाले, तुमच्या ४५मध्ये कोर्ट धरलंय का? ५ नोव्हेंबरच्या सुप्रीम कोर्टातल्या सुनावणीत रॉबर्ट्स, गोर्सच, बॅरेट हे तिघंही न्यायाधीश सरकारी वकिलाला उलटतपासत होते. १९७७च्या आणीबाणी कायद्याखालचे टॅरिफ कोर्ट रद्द करेल : ७५. पण लगेच दोन आठवड्यांत दुसऱ्या कलमाखाली नवे टॅरिफ येतील : ८०. १९७४च्या व्यापार कायद्यातलं कलम १२२ आहे, १५ टक्क्यांपर्यंत, १५० दिवस. आधी भरलेल्या पैशाच्या परताव्याचा गोंधळ वर्षभर पुरेल.

---

हापूसवाला | २९ डिसेंबर

कोर्ट धरलं नव्हतं. धरून ५५ करा.

---

डेट्रॉइटचा डोंबिवलीकर | २९ डिसेंबर

आपल्या माणसाचं कोणीच लिहिलं नाही. श्री ठाणेदार, बेळगावचे, मराठी बोलणारे खासदार. मतदारसंघात डेट्रॉइटचा बराचसा भाग येतो. ४ ऑगस्टला प्रायमरी आहे आणि ते हरतील : ५५.

लिहिताना वाईट वाटतं. पण २०२२ला ते जिंकले ते गर्दीच्या लढतीत, मतं फुटून. त्यामुळे डेट्रॉइटसारख्या कृष्णवर्णीय बहुसंख्य शहराला जवळपास ७० वर्षांत पहिल्यांदा काँग्रेसमध्ये कृष्णवर्णीय खासदार उरला नाही. ती सल इथे कोपऱ्याकोपऱ्यावर ऐकू येते. समोर डोनावन मॅकिनी, त्यांच्या पाठीशी सँडर्स आणि शेजारच्या खासदार रशीदा तलैब. ठाणेदारांनी ट्रम्पवर महाभियोगाचा ठराव आणला, तोही स्वपक्षीयांना नकोसा झाला. मंडळाच्या गणपतीला येतात तेव्हा मोदक हातात घेऊन सगळ्यांशी अस्सल बेळगावी हेलात गप्पा मारतात. पण मंडळात मतं किती? दोन बसगाड्या भरतील एवढी.

---

ह्यूस्टनकर | २९ डिसेंबर

असहमत. २०१८ला गव्हर्नरकीला तिसरे आले, तेव्हाही लोक म्हणाले संपले. स्वतःचा पैसा ओततात आणि दारोदार फिरतात. विरोधी मतं पुन्हा फुटली तर तेच. जिंकतील : ५५. तुमच्याविरुद्ध नोंद करा.

---

शंकासुर | ३० डिसेंबर

एवढा मोठा धागा, आणि कोणी कॅरिबियनकडे बघितलं नाही. अमेरिकावाले सप्टेंबरपासून तिथे बोटी उडवतायत, विमानवाहू नौका आणून ठेवलीय, या महिन्यात तेलाचं जहाज धरलं. ३१ डिसेंबर २०२६ला व्हेनेझुएलाचे मादुरो सत्तेवर नसतील : ६०.

दुसरं आकडेमोडांसाठी. तुम्ही इथे गुण देताय, तिकडे लोक रोख पैसे लावतायत. काल्शी, पॉलिमार्केट. निवडणूक, फेड या मध्यवर्ती बँकेचा अध्यक्ष, काकूंच्या टेलरचं लग्नसुद्धा. सभ्य नाव 'प्रेडिक्शन मार्केट'. आमच्या गिरगावात याला आकडा म्हणायचे. आणि गंमत अशी की मुंबईचा आकडा सुरू झाला तोच मुळी न्यूयॉर्क कॉटन एक्स्चेंजच्या भावांवर. तिथला उघडण्याचा आणि बंद होण्याचा भाव तारेने यायचा, त्यावर इथे पैसे लागायचे. १९६१ला ते भाव यायचे बंद झाले तेव्हा लोकांनी मटक्यातून चिठ्ठ्या काढायला सुरुवात केली. ते कॉटन एक्स्चेंज पुढे न्यूयॉर्क बोर्ड ऑफ ट्रेडमध्ये गेलं, आणि बोर्ड ऑफ ट्रेड २००७ला आयसीई या कंपनीने घेतलं. त्याच आयसीईने यंदा ऑक्टोबरात पॉलिमार्केटमध्ये दोन अब्ज डॉलरपर्यंत घालायचं ठरवलंय.

२०२६मध्ये आतली सरकारी माहिती वापरून असल्या बाजारात पैसे लावल्याबद्दल अमेरिकेत कोणावर तरी फौजदारी आरोपपत्र दाखल होईल : ४०.

---

खवचट काकू | ३० डिसेंबर

शंकासुर पहिल्यांदा काहीतरी लिहून गेले आणि तेही वाचण्यासारखं!

आकडेमोड, एक राहिलं. कॅलिफोर्नियाने दिवाळीला १ जानेवारीपासून राज्याच्या सुट्ट्यांत घातलंय. बे एरियातल्या माझ्या नणंदेने सगळ्या ग्रुपवर मिठाई वाटली. कॅलेंडर उघडून बघितलं तर ८ नोव्हेंबरला रविवार.

---

आकडेमोड | ३० डिसेंबर

नणंदेला कळवलंत का?

शंकासुर, 'सत्तेवर नसतील' म्हणजे अध्यक्षीय निवासात नसतील असं धरतोय, चालेल ना? आणि आरोपपत्र संघराज्याच्या कोर्टात असलं पाहिजे, राज्याच्या नको. लंबोदर, तुमचं सभागृहाचं भाकीत मंजूर, पण सहा महिन्यांच्या आतली स्थगिती धरणार नाही. ह्यूस्टनकर, वहिनींचे टक्के अजून आलेले नाहीत. उद्या रात्री बारापर्यंत, शिकागोच्या वेळेने.

---

ह्यूस्टनकर | ३१ डिसेंबर

विचारलं. म्हणाली, डेमोक्रॅटला मत देईन : तालारिको उभे राहिले तर ८०, क्रॉकेट उभ्या राहिल्या तर ५०, आणि मला मत देऊ देणार नाही : १००. शेवटचं धरू नका, ते तपासता येणार नाही.